एक सिनेटर, दोन कायदे: १९६४ साली ह्यूबर्ट हम्फ्री यांनी काय केलं?

नमस्कार. १९६४ साली अमेरिकेत दोन महिन्यांच्या अंतराने दोन मोठे कायदे झाले. २ जुलैला नागरी हक्क कायदा आणि ३ सप्टेंबरला वाइल्डरनेस ॲक्ट, म्हणजे रस्ते, इमारती, इंजिनं यांपासून मोकळी जंगलं राखणारा कायदा. दोन्हींमागे मिनेसोटाचे सिनेटर ह्यूबर्ट हम्फ्री होते. १९४८ साली त्यांच्या डेमोक्रॅटिक पक्षाच्या फिलाडेल्फिया अधिवेशनातलं त्यांचं नागरी हक्कांवरचं भाषण सगळ्यांना माहीत असतं. मला मात्र त्यांचा हजेरीपट जास्त महत्त्वाचा वाटतो.

आधी नागरी हक्क विधेयकाची अडचण समजून घ्या. आपल्या लोकसभेत साध्या बहुमताने चर्चा बंद करता येते. सिनेटमध्ये तेव्हा दोन तृतीयांश मतं लागत. शंभरही जण आले तर ६७. जॉर्जियाचे सिनेटर रिचर्ड रसेल यांनी दक्षिणेकडच्या विरोधकांच्या तीन तुकड्या केल्या. एक बोलत राहणार, दोन विश्रांती घेणार, म्हणजे मतदानाची वेळच येऊ नये.

मध्येच त्यांच्यातला कुणी उठून गणपूर्ती तपासायला सांगे. ५१ जण जमले नाहीत, तर सभागृह तहकूब होण्याचा धोका. खरी मेख इथेच आहे. एका 'विधिदिना'त एका विषयावर सदस्याला दोनच भाषणं करता येतात. रात्री बैठक नुसती थांबवली, तर तोच विधिदिन पुढे चालतो, अगदी आठवडेच्या आठवडे. रीतसर तहकूब झाली, की नवा विधिदिन आणि प्रत्येक विरोधकाला पुन्हा दोन भाषणं!

म्हणून हम्फ्रींनी आपल्या लोकांच्या पाळ्या लावल्या: आज हाकेच्या अंतरावर कोण राहणार, उद्या कोण. रिपब्लिकन बाजूला हेच काम थॉमस कीकल करत. विधेयकाची ११ प्रकरणं वेगवेगळ्या सिनेटरांकडे वाटून दिली, म्हणजे कुठल्याही कलमावर उत्तर तयार. कमी पडणारी मतं रिपब्लिकन नेते एव्हरेट डर्कसन यांच्याकडे होती. त्यांच्या दुरुस्त्या मान्य झाल्या: नोकरीतल्या भेदभावाच्या तक्रारीत राज्याच्या यंत्रणेला आधी संधी, आणि सरकारने खटला भरायचा तो भेदभाव नेहमीचाच असेल तेव्हा. श्रेयही हम्फ्रींनी डर्कसन यांना घेऊ दिलं. १० जूनला चर्चा बंद करण्यावर मतदान झालं: ७१ विरुद्ध २९. मेंदूच्या गाठीमुळे बोलू न शकणारे क्लेअर एंगल चाकाच्या खुर्चीतून आले आणि डोळ्याकडे बोट दाखवून त्यांनी होकार दिला. इंग्रजीत 'डोळा' आणि 'होय' यांचा उच्चार एकच.

जंगलांच्या विधेयकाचं घोडं दुसरीकडेच अडलं होतं. वाइल्डरनेस सोसायटी या संस्थेचे हॉवर्ड झानायझर यांनी लिहिलेला पहिला मसुदा हम्फ्रींनी १९५६ साली सिनेटमध्ये मांडला. सिनेटने ते विधेयक १९६१ साली ७८ विरुद्ध ८ मतांनी मंजूर केलं, तरी प्रतिनिधीगृहातल्या समितीचे अध्यक्ष वेन ॲस्पिनॉल ते पुढे जाऊ देईनात. तिथे पाळ्या लावून काही होणार नव्हतं, किंमतच मोजावी लागली. खाणींचे नवे दावे १९८३ अखेरपर्यंत चालू राहिले आणि नवं जंगल जोडायचं तर दरवेळी काँग्रेसचा कायदा हवा, असं ठरलं. पहिली अट वाईटच. दुसरीमुळे मात्र गावोगावचे लोक आपापल्या जंगलासाठी उभे राहिले. सुरुवातीचे ९१ लाख एकर आज ११ कोटींवर गेलेत.

खुद्द मिनेसोटातल्या बाउंडरी वॉटर्स या सरोवरांच्या प्रदेशाला या कायद्यात सवलत मिळाली होती: मोटारबोटी चालू, काही भागात लाकूडतोडही. ती तोड ऑक्टोबर १९७८च्या कायद्याने थांबली आणि बोटींवर मर्यादा आल्या. हम्फ्री त्याच वर्षी जानेवारीत गेले होते.