मराठा आरक्षण: 10 टक्के मिळाले, मग कुणबी दाखलाच कशाला हवा?

फेब्रुवारी 2024. विधिमंडळाचं विशेष अधिवेशन भरलं, विधेयक आलं आणि त्याच दिवशी एकमताने मंजूर झालं. मराठा समाजाला शिक्षणात आणि नोकरीत 10 टक्के आरक्षण. विरोधात एकही हात वर नाही. मग दीड वर्षाने, 29 ऑगस्ट 2025 ला, 'मराठ्यांना कुणबी दाखले द्या' म्हणत मनोज जरांगे पाटील मुंबईच्या आझाद मैदानात उपोषणाला का बसले?

या प्रश्नाची दोन उत्तरं तुमच्या व्हॉट्सअ‍ॅपवर पडून असतील. एक म्हणतं, 'यांचं पोटच भरत नाही.' दुसरं म्हणतं, 'सरकारने गाजर दाखवलं.' पहिलं उत्तर अपमानकारक आहे आणि दुसरं अर्धवट. आज टक्क्यांवरून नजर काढून दाखल्याकडे बघू. भांडण टक्क्यांचं वाटतं, पण ते दाखल्याचं आहे.

(स्क्रीनवर तक्ता)

हा महाराष्ट्राचा हिशेब बघा. अनुसूचित जाती 13, अनुसूचित जमाती 7, ओबीसी 19, भटके-विमुक्त सगळे मिळून 11, विशेष मागास प्रवर्ग 2. बेरीज 52. त्यात आर्थिक दुर्बलांचे 10 आणि 2024 च्या कायद्याचे मराठ्यांचे 10 धरले की झाले 72.

आता सुप्रीम कोर्टाची 50 टक्क्यांची मर्यादा. 1992 च्या इंद्रा साहनी निकालात ती आली, आणि अगदी अपवादात्मक परिस्थितीतच ती ओलांडता येईल असंही तिथेच म्हटलं. आर्थिक दुर्बलांचे 10 टक्के कोर्टाने 2022 मध्ये वेगळे मानून मान्य केले. मराठा आरक्षणाचं मात्र तसं झालेलं नाही. 2014 मध्ये निवडणुकीच्या तोंडावर 16 टक्क्यांचा अध्यादेश आला, हायकोर्टाने स्थगिती दिली. 2018 मध्ये गायकवाड आयोगाच्या, म्हणजे राज्य मागासवर्ग आयोगाच्या, अहवालावर कायदा झाला. हायकोर्टाने तो टिकवला, पण टक्का शिक्षणात 12 आणि नोकरीत 13 वर आणला. 5 मे 2021 ला सुप्रीम कोर्टाच्या पाच न्यायाधीशांनी तो रद्दच केला. अपवादात्मक परिस्थिती दिसत नाही, असं कोर्ट म्हणालं.

या दरम्यान ज्या पोरांनी या आरक्षणावर परीक्षा दिल्या, ज्यांची निवड झाली आणि नेमणूक अडकली, त्यांच्याशी कधी बोलून बघा. 2024 च्या कायद्यालाही हायकोर्टात आव्हान मिळालंच. दोनदा हात पोळलेला माणूस तिसऱ्यांदा फुंकर मारूनच बघणार.

कुणबी दाखल्याचं तसं नाही. कुणबी ही जात ओबीसी यादीत आधीपासूनच आहे, राज्याच्याही आणि केंद्राच्याही. त्यामुळे दाखला मिळाला की 50 टक्क्यांचा प्रश्न तुमच्यापुरता उरतच नाही. शिवाय राज्याचे ते 10 टक्के रेल्वेत, बँकेत, यूपीएससीला चालत नाहीत. ओबीसी दाखला चालतो, तिथे 27 टक्के आहेत. आणखी एक गोम आहे, ती फारसं कुणी सांगत नाही. मराठ्यांना वेगळा प्रवर्ग मिळाला म्हणजे राज्यातल्या भरतीत आर्थिक दुर्बल गटातून अर्ज करायची वाट बंद झाली. एका हाताने दिलं, दुसऱ्या हाताने घेतलं.

आता मराठवाड्यात या. विदर्भातल्या शेतकरी कुटुंबाच्या कागदावर 'कुणबी' लिहिलेलं असतं, त्याला ओबीसीचे फायदे मिळतात. मराठवाड्यातल्या तशाच कुटुंबाच्या कागदावर 'मराठा' असतं, त्याला मिळत नाहीत. जमीन तेवढीच, कर्ज तेवढंच, सोयाबीनचा भावही तोच. मराठवाडा 1948 पर्यंत निजामाच्या राज्यात होता, तिथली जुनी दप्तरं बरीचशी उर्दूत, काही मोडीत. म्हणून 2023 मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली आणि दप्तरं उपसायला सुरुवात झाली: कोतवाल बुक, खासरा पाहणी पत्रक, शाळेचा प्रवेश-निर्गम उतारा. पणजोबाच्या नावापुढे 'कुणबी' सापडलं की पुढच्या पिढ्यांचा मार्ग मोकळा. शेजारच्या भावकीला मात्र तेच पान वाळवीने खाल्लेलं मिळालं तर ती बाहेर. मला यातला अन्याय खरा वाटतो.

पण इथे थांबलो तर हा व्हिडिओ एका बाजूचा होईल.

आंतरवाली सराटी हे जरांगेंच्या उपोषणाचं गाव जालना जिल्ह्यातल्या अंबड तालुक्यात आहे. 1 सप्टेंबर 2023 ला आंदोलकांवर पोलिसांचा लाठीमार तिथेच झाला. आणि जून 2024 मध्ये ओबीसी आरक्षण वाचवा म्हणून ओबीसी नेते लक्ष्मण हाके उपोषणाला बसले ते वडीगोद्रीला. तेही अंबड तालुक्यातच! दोन्ही मंडप एकाच रस्त्याच्या टापूत. दुसऱ्या मंडपात काय बोललं जात होतं, ते शहरातल्या चर्चांमध्ये फार कमी ऐकू आलं.

ओबीसी यादीत तीनशेहून जास्त जाती आहेत. न्हावी, परीट, कुंभार, सुतार, तेली, माळी. यातल्या कित्येक जातींची गावात चार-पाच घरं असतात. नोकरी त्यांना हवीच, पण त्यांना सगळ्यात जास्त धास्ती आहे ती ग्रामपंचायतीची. मराठ्यांच्या 10 टक्क्यांच्या कायद्यात निवडणुकीतलं आरक्षण नाही, फक्त शिक्षण आणि नोकरी आहे. ओबीसी दाखल्याबरोबर मात्र स्थानिक स्वराज्य संस्थांमधल्या राखीव जागाही येतात. सरपंचपदाची सोडत ओबीसीला निघाली आणि गावातल्या सगळ्यात मोठ्या भावकीकडे कुणबी दाखला असला, तर कुंभाराच्या चार घरांतून सरपंच कसा निवडून येणार? कागदावर आरक्षण शाबूत, खुर्ची मात्र होती तिथेच.

ही भीती हवेतली नाही. मार्च 2021 मध्ये सुप्रीम कोर्टाच्या निकालाने स्थानिक संस्थांमधलं ओबीसी आरक्षण अडचणीत आलं. मागासलेपणाची आकडेवारी गोळा करा, मग बोला, असं कोर्टाने सांगितलं. पुढे काही निवडणुका ओबीसी जागा खुल्या करून झाल्या, आणि जुलै 2022 मध्ये बांठिया आयोगाच्या अहवालानंतर आरक्षण परत आलं. एकदा गेलेली वस्तू परत मिळाली की माणूस ती घट्ट धरतो. छगन भुजबळ मंत्री असूनही स्वतःच्या सरकारच्या निर्णयाविरुद्ध बोलतात, त्यामागे त्यांचं राजकारण आहेच. पण ऐकायला गर्दी जमते ती या धास्तीमुळे.

'मराठे तर राज्यकर्ते, ते मागास कसे?' हाही प्रश्न येतो. मुख्यमंत्र्यांची यादी वाचली तर प्रश्न रास्त वाटतो. साखर कारखाने कुणाचे, जिल्हा बँका कुणाच्या, तेही बघा. पण कारखान्याचा चेअरमन आणि त्या कारखान्याला दोन एकरातला ऊस घालणारा एका जातीचे असले म्हणून एका परिस्थितीतले होत नाहीत. गंमत म्हणजे 2008 मध्ये बापट आयोगाने मराठ्यांना मागास म्हणायला नकार दिला, गायकवाड आयोगाने दहा वर्षांनी होकार दिला आणि सुप्रीम कोर्टाने तो अहवाल मान्य केला नाही. तिघांच्या हातात सगळ्या जातींची ताजी मोजणी नव्हती. ती 1931 नंतर जाहीर झालेलीच नाही. येत्या जनगणनेत जात मोजायचं केंद्राने 2025 मध्ये ठरवलंय. तोपर्यंत दोन्ही बाजूंचे आकडे ऐकताना जरा हात राखूनच विश्वास ठेवा.

आता ताजा मुद्दा. 2 सप्टेंबर 2025 चा हैदराबाद गॅझेटियरचा, म्हणजे निजामाच्या काळातल्या जुन्या सरकारी नोंदींचा आधार घेणारा, शासन निर्णय. त्या रात्री जरांगेंच्या समर्थकांनी गुलाल उधळला आणि दुसऱ्या दिवसापासून ओबीसी संघटना रस्त्यावर आल्या. दोघांनीही तो आपापल्या आशेप्रमाणे आणि भीतीप्रमाणे वाचला. त्यात सरसकट सगळ्यांना दाखला असं लिहिलेलं नाही. गावपातळीवर तिघांची समिती आहे: ग्राम महसूल अधिकारी, ग्रामपंचायत अधिकारी आणि सहायक कृषी अधिकारी. जमिनीचा पुरावा नसेल तर 13 ऑक्टोबर 1967 पूर्वी आपले पूर्वज त्या भागात राहत होते, असं प्रतिज्ञापत्र द्यायचं. नात्यातल्या किंवा कुळातल्या कुणाकडे कुणबी दाखला असेल, तर त्याच्याही प्रतिज्ञापत्राची सोय आहे. मग चौकशी.

पण दाखला हातात आला म्हणजे काम संपलं असं नाही. खरी कसोटी जात पडताळणी समितीसमोर लागते. तिथे वैधता प्रमाणपत्र मिळालं तरच नोकरी आणि सरपंचपद टिकतं. ती समिती नातलगाच्या प्रतिज्ञापत्राला किती वजन देते आणि जुन्या दप्तरातली नोंद मागतेच का, यावर या शासन निर्णयाने कुणाला काय मिळालं ते ठरेल. तुमच्या गावात असा अर्ज झाला असेल, मंजूर होवो की फेटाळला जावो, कारण काय दिलं ते कमेंटमध्ये लिहा. नाव-गाव नको, फक्त कारण. ती कारणं घेऊनच पडताळणीवरचा पुढचा भाग करतोय.