सक्तीची शाळा

४ मार्च १९१८. करवीर पेट्यातलं चिखली गाव. कोल्हापूर संस्थानातली सक्तीच्या मोफत शिक्षणाची पहिली शाळा इथं सुरू झाली.

गोपाळ कृष्ण गोखल्यांचं सक्तीच्या शिक्षणाचं विधेयक १९१२ मध्ये कायदेमंडळात फेटाळलं गेलं होतं. बडोद्यात मात्र सयाजीरावांनी १९०६ पासून राज्यभर सक्ती केली होती. शाहू महाराजांनी १९१७ मध्ये कोल्हापुरात कायदा आणला, आणि तोही कडक. पोराला शाळेत न धाडणाऱ्या आईबापांना महिन्याला १ रुपया दंड! इमारतींची वाट कुणी पाहिली नाही. देवळं, चावड्या, धर्मशाळा, जिथं जागा मिळेल तिथं वर्ग भरले.

त्याहून मोठा हुकूम १९१९ चा. अस्पृश्य मुलांच्या वेगळ्या शाळा बंद करून त्यांना सर्वांच्या शाळेत घ्यायचं ठरलं. दंडाच्या धाकानं मूल शाळेच्या दारापर्यंत येतं. आत गेल्यावर ते कुणाच्या शेजारी बसणार, हा प्रश्न या हुकुमानं हाती घेतला.

गावोगावच्या शाळांतली जुनी दाखल-खारीज रजिस्टरं उघडून बघा. शाईनं लिहिलेलं नाव, बापाचं नाव, जात, धंदा. जन्मतारखेच्या रकान्यात ओळीनं १ जून, १ जून, १ जून. घरी तारखेची नोंद नसायची. मग गुरुजी अंदाजानं वर्ष धरायचे आणि पोराला पहिलीत बसवायचे. किती आजोबांचा वाढदिवस त्या गुरुजींनी ठरवलेला आहे! आणि आज जातीच्या दाखल्यासाठी त्यांची नातवंडं हीच पानं शोधत येतात.

१९४९ मध्ये संस्थान मुंबई प्रांतात विलीन झालं. १९६२ मध्ये जिल्हा परिषदा आल्या आणि गावची शाळा ‘झेडपीची शाळा’ झाली.

आता नियमानं पाचवीपर्यंतची शाळा वस्तीपासून १ किलोमीटरच्या आत हवी. तरीही २०२३ मध्ये वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा उभारण्याचे प्रस्ताव राज्यानं मागवले. गगनबावड्याकडच्या एखाद्या वाडीत घरंच मोजकी, तिथं पट वाढणार कुठून? गाडीची सोय करू, असं सांगितलं जातं. पण आषाढात ओढ्याला पाणी चढलं की गाडी अलीकडेच थांबते. आणि अशा वेळी घरी आधी बसवली जाते ती मुलगी.