स्टेशनचं तोंड उजळलं, फलाटाचं काय?

मंडळी, रत्नागिरीचं स्टेशन रत्नागिरीत का नाही, हे मला नेहमी विचारलं जातं. गाडीतून उतरा आणि पुन्हा सहा-सात किलोमीटर रिक्षा करा. राजापूर रोडला उतरलात तर राजापूर अजून लांबच. सावंतवाडी रोड तर मळगावात आहे. यात कुणाची लहर नव्हती. कोकण रेल्वेचा हा मार्ग ताशी 160 किलोमीटर वेगाच्या हिशेबानं आखला. वळणाची त्रिज्या 1250 मीटरच्या खाली नको, चढ दीडशेला एकापेक्षा जास्त नको. आता बघा, एका अंगाला सह्याद्रीच्या सोंडा, दुसऱ्या अंगाला खाड्या. अशा मुलखात गावोगाव वळसे घेत रूळ नेता येत नाहीत. म्हणून 91 बोगदे पाडले. त्यात एकट्या करबुड्याचा साडेसहा किलोमीटरचा. पानवलला 64 मीटर उंचीचा पूल उभा केला. आणि लूप लाइन, म्हणजे गाडी बाजूला घेऊन दुसरीला वाट द्यायचा जादा रूळ, टाकण्यापुरती सपाटी जिथे मिळाली, तिथे स्टेशन झालं.

त्याआधी मुंबईला जायचं म्हणजे बोट. पावसाळ्यात बोटी बंद, मग एसटीनं हाडं खिळखिळी करत घाट उतरायचे-चढायचे. रेल्वेसाठी अ. ब. वालावलकरांनी हयात घालवली. बॅरिस्टर नाथ पैंनी आणि त्यांच्यानंतर मधु दंडवत्यांनी राजापूर मतदारसंघातून निवडून जाऊन हा प्रश्न लोकसभेत लावून धरला. 1986 मध्ये गाडी रोह्यापर्यंत आली आणि तिथेच थांबली. पुढचा रस्ता उघडला तो 1990 मध्ये. दंडवते अर्थमंत्री, जॉर्ज फर्नांडिस रेल्वेमंत्री, आणि नव्या कोकण रेल्वे महामंडळाच्या प्रमुखपदी ई. श्रीधरन. 26 जानेवारी 1998 ला सगळा मार्ग सुरू झाला.

पण पैसा कुठून आला, हे नीट लक्षात घ्या, कारण आजच्या स्टेशनांचं दुखणं तिथूनच सुरू होतं. सगळा पैसा रेल्वेच्या अंदाजपत्रकातून आला नाही. भांडवलात केंद्राचा वाटा 51 टक्के, महाराष्ट्राचा 22, कर्नाटकाचा 15, गोवा आणि केरळचा प्रत्येकी 6. उरलेल्या मोठ्या रकमेसाठी बाजारात रोखे काढले. ते कर्ज फेडायचं म्हणून प्रवासी भाड्यासाठी अंतर 40 टक्के वाढवून धरलं. म्हणजे शंभर किलोमीटर जाणाऱ्याकडून एकशे चाळीसचं भाडं. चाकरमान्यांनी ते दिलं, कुरकुर न करता दिलं. पैसा बोगद्यांत, पुलांत आणि पुढे दरडी रोखण्यात गेला, आणि तो तिथे जायलाच हवा होता. 2003 मध्ये वैभववाडीजवळ दरडीनं पन्नासच्या आसपास माणसं नेली, ते आपण विसरलेलो नाही. स्टेशनांच्या वाट्याला मात्र बैठ्या इमारती आणि आखूड छप्परं आली.

2023 मध्ये राज्याच्या सार्वजनिक बांधकाम खात्यानं कोकणातल्या 12 स्टेशनांचं सुशोभीकरण हाती घेतलं. मला ते मनापासून आवडलं. खड्ड्यांचे जोडरस्ते सुधारले, रिक्षांना जागा मिळाली, दारात सावली आली. परगावचा पाहुणा उतरला की आपल्याला संकोच वाटत नाही. पण हे काम दारापाशी संपतं. दाराच्या आत महामंडळाची हद्द.

आणि आत काय? आषाढातली पहाट डोळ्यांसमोर आणा. गाडी दोन मिनिटं थांबणार. जनरलचा डबा शेवटी, छप्पर फलाटाच्या मधल्या भागापुरतं. एक आजी उतरते. एका हातात नातवाचा हात, दुसऱ्या हातात पिशवी, छत्री उघडायला तिसरा हात नाही. छपराखाली पोचेपर्यंत दोघंही चिंब. स्टेशनचा पुनर्विकास खरा झाला की नाही, हे त्या आजीला विचारावं. डबे मोजा आणि शेवटच्या डब्यापर्यंत पत्रा न्या, एवढं साधं मागणं आहे.

दुसरी गोष्ट फलाटावर उभ्या माणसाला दिसत नाही. मार्ग बहुतांश एकेरी आहे. रोहा ते वीर हा टप्पा 2021 मध्ये दुहेरी झाला, पुढे एकच रूळ. समोरची गाडी यायची असेल तर आपली लूपवर उभी. कडवई, खारेपाटण रोड, आचिर्णे ही नवी स्टेशनं क्रॉसिंगसाठी बांधली, त्यानं बराच फरक पडला. गणपतीत शेकडो जादा गाड्या सोडतात, तेव्हा एकेका लूपचं मोल कळतं. स्टेशन सुधारणं म्हणजे हेसुद्धा, नुसत्या फरश्या नव्हेत.

मग हे अडतं कुठे? भारतीय रेल्वेच्या स्टेशन-पुनर्विकासाच्या अमृत भारत योजनेत ऑगस्ट 2023 मध्ये 508 स्थानकांची पायाभरणी झाली. त्यात महाराष्ट्रातली 44 होती, पण कोकण रेल्वेचं एकही नव्हतं. महामंडळ वेगळं, तिजोरी वेगळी. 2025 मध्ये महाराष्ट्रानं भारतीय रेल्वेत विलीनीकरणाला संमती दिली. काहींना भीती वाटते की विलीन झाल्यावर आपल्याला कोण विचारणार. भीती खोटी नाही. तरी माझं मत विलीनीकरणाच्या बाजूनं आहे, कारण दुहेरीकरणाएवढा पैसा भाड्यातून कधीच उभा राहणार नाही. फक्त ‘कोकण रेल्वे’ हे नाव आणि दरडींवर डोळ्यांत तेल घालून गस्त घालणारी इथली माणसं तशीच राहिली पाहिजेत, हे लेखी घ्यावं.

सावंतवाडी टर्मिनसचं भूमिपूजन 2015 मध्ये झालं, काम अजून रखडलेलं आहे. टर्मिनस म्हणजे डब्यांत पाणी भरण्याची सोय आणि गाडी धुऊन तपासायला पिट लाइन. ती झाली तर सिंधुदुर्गातूनच सुटणाऱ्या गाड्या वाढवता येतील आणि कुडाळ-कणकवलीच्या माणसाला गोव्याहून भरून येणाऱ्या गाडीत पाय ठेवायला जागा शोधावी लागणार नाही. आणि पैशाची वाट न बघता उद्या होण्यासारखं एक काम आहे. पहाटेच्या गाडीला जोडून स्टेशनच्या दारातून एसटी सुटावी. त्यासाठी विभाग नियंत्रकांना द्यायचं निवेदन मागच्या टेबलावर ठेवलं आहे, जाताना सही करून जा.