पलतडची वाट पाहताना

नमस्कार श्रोतेहो.

गोव्यात फोंडा तालुक्यातल्या आमच्या घरी रात्रीची जेवणं आटोपली की आई स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी टेकून बसायची आणि मी वाचनालयातून आणलेली मराठी कादंबरी तिला वाचून दाखवायची. ती डोळे मिटून ऐकायची. झोपली असं समजून मी थांबले की डोळे न उघडताच विचारायची, “मागीर कितें जालें?” म्हणजे, मग काय झालं?

दुसऱ्या दिवशी सकाळी विहिरीवर ती तीच गोष्ट शेजारणीला सांगायची, अर्थात कोंकणीत. रात्री शुद्ध पुणेरी मराठी बोललेली नायिका सकाळी आमच्या वाड्यावरच्या सुनेसारखी बोलू लागायची. तिचा दिवाणखाना जाऊन तिथे सोपो आलेला असायचा. एकदा तर आईनं शेवटच बदलला, कारण तिच्या मते ती मुलगी एवढी खुळी नव्हती. कादंबरीवरून केलेला पहिला सिनेमा मी पाहिला तो असा, विहिरीच्या काठावर, पडद्याशिवाय.

आज मला बोलायचं आहे ते वाट पाहण्याबद्दल. आवडत्या लेखकाच्या कादंबरीवर चित्रपट होतोय असं कानावर येतं आणि मग तो प्रत्यक्ष दिसेपर्यंत मध्ये काही महिने, कधी काही वर्षं जातात. ते दिवस कसे असतात, ते तुमच्यापैकी ज्यांनी चतुर्थीआधी चित्रशाळेच्या दारातून आत डोकावून पाहिलंय त्यांना ठाऊक आहे. आपण आपल्या घरचा पाट नेऊन दिलेला असतो. त्या पाटावर माती चढते, सोंड येते, हात येतात. डोळे मात्र अगदी शेवटी. पाट आपला असतो, पण डोळे कसे उघडायचे ते मूर्तिकार ठरवतो. आपण नुसतं दारात उभं राहायचं.

माझे आवडते लेखक महाबळेश्वर सैल. 1943 साली कारवारजवळच्या माजाळीत जन्मलेला हा माणूस सैन्यात गेला, 1965 चं युद्ध त्यानं पाहिलं, आणि लिहिलं मात्र नदीकाठच्या, रानातल्या, शेतातल्या माणसांबद्दल. कोंकणीत लिहिलं, मराठीतही लिहिलं. आमच्याकडे कोंकणी की मराठी यावर जी भांडणं झाली त्यात मी आज शिरत नाही, रेडिओवर तर मुळीच नाही. एवढंच सांगते की त्यांचं पुस्तक हातात घेतलं की माझ्या घरातल्या त्या दोन्ही आवाजांना, रात्रीच्या आणि सकाळच्या, एकाच वेळी काम मिळतं.

त्यांच्या ‘अदृष्ट’ या कादंबरीवर लक्ष्मीकांत शेटगांवकर चित्रपट करताहेत असं कळलं तेव्हा मला आधी आनंद झाला आणि पाठोपाठ धास्ती वाटली. रानाच्या कडेला एकटा राहणारा, बायको गेलेला वनरक्षक. त्याला जंगलात एक वेडी बाई सापडते. तो तिला खायला घालतो, आसरा देतो आणि गावाच्या डोळ्यांत खुपायला लागतो. गोष्ट एवढीच. पण वाचताना तो वनरक्षक मी पाहिला होता. आमच्या ओळखीचे एक वयस्क गार्ड होते, वाकून चालणारे, बोलताना समोरच्याच्या पायांकडे बघणारे. त्यांचाच चेहरा मी त्याला देऊन टाकला होता. आता कुणीतरी नट येणार आणि माझ्या माणसाला घराबाहेर काढणार!

आणि मग बातमी आली की चित्रपटाचं नावच वेगळं आहे: ‘पलतडचो मुनिस’. पलीकडच्या तीरावरचा माणूस. मी चिडले. नाव बदललं म्हणजे आणखी काय काय बदललं असेल? एका मैत्रिणीपाशी तावातावानं बोलले. ती गणिताची शिक्षिका. तिनं शांतपणे विचारलं, “अगो, अदृष्ट म्हणजे काय?” म्हटलं, नशीब. म्हणाली, “आणि शब्दशः?”

शब्दशः, जे दिसत नाही ते.

मी गप्प बसले. जे दिसत नाही ते पडद्यावर दाखवायचं कसं? पुस्तकाला ते जमतं. लेखक नुसतं सांगतो की त्याच्या मनात असं आलं, आणि ते आलेलं आपण पाहतो. कॅमेऱ्याला मनात शिरायला दार नाही. त्याला नदी दिसते, पूल दिसतो, पलीकडे उभा असलेला माणूस दिसतो. दिग्दर्शकानं नावातच कबुली दिली होती की बाबांनो, मला दिसतं तेवढंच मी दाखवीन. त्या दिवसापासून माझं वाट पाहणं बदललं. तोवर माझ्या हातात जमाखर्चाची वही होती, काय गळणार आणि काय राहणार. ती मी मिटून ठेवली.

सप्टेंबर 2009 मध्ये टोरांटोच्या महोत्सवात त्या चित्रपटाला आंतरराष्ट्रीय समीक्षकांचा पुरस्कार मिळाला. पुढे सर्वोत्कृष्ट कोंकणी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कारही. कॅनडातल्या लोकांनी तो आधी पाहिला आणि आम्ही इथे पलतडीच! पणजीत अखेर पाहायला मिळाला तेव्हा दिवे मालवल्यावर पहिली पाच मिनिटं मी चोरासारखी बसले होते. चित्तरंजन गिरी यांचा वनरक्षक माझ्या गार्डांसारखा अजिबात दिसत नव्हता. वीणा जामकर यांची ती बाई मात्र मी मुळी नीट पाहिलीच नव्हती हे तिथे लक्षात आलं. वाचताना मी तिला वेडी म्हणून बाजूला ठेवली होती, गावानं ठेवली तशीच. पडद्यावर ती समोर बसून जेवते, आणि आपल्याला मान फिरवता येत नाही.

आणि माझे गार्ड? तेही गेले नाहीत. आजही ‘अदृष्ट’ उघडलं की तेच येतात, पायांकडे बघत.

नेहमी इतकं सुखाचं होत नाही, हेही सांगायला हवं. आपल्या शेजारच्या वेंगुर्ल्याकडचं उदाहरण घ्या. चिं. त्र्यं. खानोलकरांची ‘कोंडुरा’. ती वाचलेल्या माणसाला तो समुद्र, तो भयाचा वास विसरता येत नाही. त्यावर श्याम बेनेगलांनी 1978 साली चित्रपट केला, हिंदीत ‘कोंडुरा’ आणि तेलुगूत ‘अनुग्रहम’. गोष्ट नेली कुठे, तर आंध्रात. अनंत नाग, स्मिता पाटील, अमरीश पुरी अशी एकापेक्षा एक माणसं होती. अनंत नाग तर घरी कोंकणी बोलणारे! तरीही पाहताना मी सारखी आपली लाल माती शोधत होते. चित्रपट वाईट होता असं मी म्हणणार नाही. माझी वाट पाहण्याची जागा चुकली होती, मी दुसऱ्याच स्टँडवर बसची वाट पाहत होते. खानोलकर 1976 मध्येच गेले. त्यांना तो पाहायला मिळाला नाही. त्यांना काय वाटलं असतं, हा विचार माझ्या मनात अजून येतो.

त्यातून एक गोष्ट मी शिकले. कादंबरीतलं निवेदन चित्रपटात गळून जातंच. वर्णन जातं, लेखकाचा आवाज जातो. उरतं काय, तर माणसं एकमेकांशी बोलतात ते. त्यामुळे कोण कसं बोलतं यावर सगळी मदार. गोव्यातल्या वाचकाला हे जास्त झोंबतं, कारण आम्ही निवेदन मराठीत वाचतो आणि संवाद मनातल्या मनात कोंकणीत ऐकतो. उत्तर गोव्यातल्या पेडण्याचा माणूस दक्षिणेतल्या काणकोणकरासारखं बोलला की आमचा रसभंग झालाच. आपल्या भाषेतला पहिला, म्हणजे कोंकणीतला पहिला चित्रपट ‘मोगाचो आंवडो’ 1950 साली आला. तोही कादंबरीवरूनच घेतलेला होता. तेव्हाच्या वाचकांनीही अशीच कुरकुर केली असणार, माझी खात्री आहे.

हल्ली मी वाट पाहते ती ‘हावठण’ची. सैलांच्या ज्या कादंबरीला 2016 चा सरस्वती सन्मान मिळाला, ती. कुंभारांच्या जगण्याची कादंबरी. ती पडद्यावर यावी असं मला वाटतं. घोषणेची वाट मी पाहत बसलेली नाही, मी आपली माझ्या बाजूनं तयारीला लागले आहे. कुणाचाही चेहरा कुणाला द्यायचा नाही असं ठरवून पुस्तक पुन्हा वाचायला घेतलं. तिसऱ्या पानावर डिचोलीचे आमचे एक ओळखीचे गृहस्थ येऊन बसले. उठायला तयार नाहीत. बसू दे.

परवा शुक्रवारी म्हापशाच्या बाजारात गेले होते. मातीची भांडी मांडून बसलेल्या बाईकडे एक माठ मागितला. तिनं दोन बाजूला सारले, तिसरा उचलला, कानाजवळ धरला आणि बोटाच्या पेरानं ठोकला. टण्ण. मान हलवली. मग तडा गेलेला कसा वाजतो तेही ऐकवलं, खास माझ्यासाठी. तो भद्द आवाज. किती वर्षं मी माठ घेते, पण ती माझ्याकडे न बघता फक्त ऐकत होती हे त्या दिवशीच पाहिलं.

घरी येऊन पुस्तक पुन्हा उघडलं. चाक आहे, माती आहे, माणसं आहेत. आवाज मला माझ्या पदरचा घालावा लागला. तुम्हीही आता तेच करताय, मी नुसतं टण्ण म्हटलं आणि तुम्ही माठ ठोकलात.

तो आवाज मला एकदा अंधारात बसून ऐकायचाय. पडद्यावर अजून काही दिसत नाहीये, काळोख आहे, आणि कुणीतरी एक भांडं उचलून ठोकून बघतं. पुढे काय होतं ते मला पाठ आहे. तरी मी विचारीन, मागीर कितें जालें?

नमस्कार.