शुगरची गोळी आणि किडनीतली सूज

मंडळी, जाहीर झालेला विषय मधुमेहाच्या औषधांनी किडनीतली सूज कशी उतरते हा आहे, त्याकडे येतोच. पण आधी एक सल बोलू द्या. जळगाव-भुसावळकडच्या कुणाही मधुमेही माणसाची फाइल उघडा. उपाशीपोटीची साखर, जेवणानंतरची साखर, सगळे कागद ओळीनं लावलेले. लघवीतल्या अल्ब्युमिनचा, म्हणजे किडनीतून गळणाऱ्या प्रथिनाचा, रिपोर्ट मात्र सापडत नाही. किडनीचं विचारलं की उत्तर ठरलेलं: "क्रिएटिनिन नॉर्मल आहे."

क्रिएटिनिन म्हणजे किडनी रक्तातून बाहेर टाकते तो कचरा. त्याचं हे 'नॉर्मल' फसवं असतं. क्रिएटिनिन १.२ आलं तर तिशीच्या पुरुषाची किडनी गाळण्याचं काम मिनिटाला ८० मिलिलिटरच्या वर करत असते. ६५ वर्षांच्या बाईची तेवढ्याच आकड्याला ५०च्या आसपास आलेली असते. म्हणून रिपोर्टवर ईजीएफआर, म्हणजे हाच गाळण्याचा आकडा, लिहून मागा. लघवीच्या पट्टीवर 'निल' आलं म्हणूनही निश्चिंत होऊ नका, थोडं अल्ब्युमिन पट्टीला दिसतच नाही. एसीआर, म्हणजे लघवीतल्या अल्ब्युमिनचं क्रिएटिनिनशी प्रमाण काढणारी तपासणी, करायला सांगा. सकाळची पहिली लघवी, सुरुवातीची धार सोडून मधली घ्यायची. ताप, लघवीत जंतुसंसर्ग किंवा पाळी असेल तेव्हा नको. दिवसभर केळीचे घड वाहिले असतील तर दुसऱ्या दिवशीही नको, आकडा उगाच चढतो. एक ग्रॅम क्रिएटिनिनमागे ३० मिलिग्रॅमच्या आत असेल तर ठीक. वर गेला तर तीन महिन्यांत पुन्हा करा. तीनपैकी दोनदा जास्त आला तर तो खरा धरायचा. टाइप २ मधुमेह कळला त्या दिवसापासून हे दरवर्षी. पोट सुटलंय, बीपी आहे, पण साखर नाही, अशांनीही एकदा करावं असं माझं ठाम मत आहे.

आयोजक घड्याळ दाखवताहेत, तेव्हा मूळ विषय भरभर सांगतो. पोटातली चरबी नुसती पडून राहत नाही. तिच्यात पांढऱ्या पेशी शिरतात, आयएल-६, टीएनएफ अशी सूज वाढवणारी रसायनं रक्तात सुटतात. वजनापायी किडनीवर गाळण्याचा ताणही वाढतो. डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या मधुमेहाच्या गोळ्या किडनीत गाळलेली साखर परत शोषणारी वाट अडवतात. साखरेबरोबर मीठही लघवीत जातं, गाळणीतला दाब उतरतो, नलिकेच्या पेशींचे श्रम कमी होतात आणि त्या सुजेला आवतण देणं कमी करतात. यात औषधाचा थेट वाटा किती आणि दाब-वजन उतरल्याचा किती, हा हिशेब अजून पुरता लागलेला नाही. किडनी वाचते हे मात्र पक्कं. २०२० च्या डापा-सीकेडी चाचणीत, म्हणजे जुनाट किडनीविकाराच्या रुग्णांवर झालेल्या डापाग्लिफ्लोझिनच्या चाचणीत, किडनी खूप ढासळणं, ती निकामी होणं किंवा त्यापायी, हृदयापायी मृत्यू येणं, हे सगळं मिळून ३९ टक्क्यांनी घटलं. त्या चाचणीतल्या जवळपास एक तृतीयांश रुग्णांना मधुमेह नव्हताच. आठवड्याला एकदा घ्यायच्या सेमाग्लुटाइड इंजेक्शननं २०२४ च्या फ्लो चाचणीत, मधुमेहींमध्ये, असाच धोका २४ टक्क्यांनी कमी झाला. भारतात डापाग्लिफ्लोझिनचं पेटंट २०२० मध्ये संपलं, गोळी स्वस्त झाली. महाग म्हणून सोडायचं कारण उरलं नाही.

गोळी सुरू केल्यावर पहिल्या काही आठवड्यांत ईजीएफआर थोडा घसरतो. घसरण ३० टक्क्यांच्या आत असेल तर घाबरून बंद करू नका. लघवीची जागा रोज धुवून कोरडी ठेवा, बुरशी होते. उलट्या-जुलाब लागले, मे महिन्याच्या उन्हात पाणी-जेवण तुटलं किंवा नवरात्राचे कडक उपवास असले, तर डॉक्टरांना विचारून गोळी थांबवायची. नाहीतर साखर फारशी न चढताही रक्तात आम्ल साठतं. मळमळ, पोटदुखी, धाप लागली तर थेट दवाखाना. ऑपरेशन ठरलं तर तीन दिवस आधीपासून बंद. आणि गुडघ्यासाठी मेडिकलवरून परस्पर आणलेली डायक्लोफिनॅक ही वेदनाशामक गोळी या औषधासोबत अजिबात नको.