आधी सांगा, बंदर किती दिवस बंद चालेल?

कार्यक्रम सुरू होण्याआधी एका गृहस्थांनी मला गाठलं आणि विचारलं, ‘वादळात चढणारा समुद्र अडवायला भिंत किती मीटरची बांधायची, तेवढंच सांगा.’ सांगतो, पण शेवटी.

वादळात समुद्र का चढतो, ते आधी पाहू. हवेचा दाब एक हेक्टोपास्कलने उतरला की पाणी साधारण एक सेंटीमीटर वर येतं. मोठ्या वादळातही दाब शंभरेक हेक्टोपास्कलच उतरतो, म्हणजे नुसत्या दाबाने फार तर मीटरभर. खरं काम वाऱ्याचं. तो पाणी किनाऱ्याकडे रेटत राहतो आणि तळ उथळ असेल तर त्या पाण्याला खालून माघारी फिरायला वाव राहत नाही. वर ऐन भरतीची वेळ साधली गेली की संपलंच. 29 ऑक्टोबर 2012 ला सँडी वादळाचं उधाण न्यूयॉर्कमधल्या मॅनहॅटनच्या दक्षिण टोकाला भरतीच्याच सुमारास पोचलं. ते सहा तास आधी, ओहोटीला, आलं असतं तर? म्हणून अभ्यासक संगणकावर शेकडो काल्पनिक वादळं किनाऱ्यावर आदळवतात आणि प्रत्येक पातळीची शक्यता काढतात. ‘शंभर वर्षांतून एकदा’ या शब्दांनी मात्र पुष्कळ घोटाळा केलाय. त्याचा अर्थ दरवर्षी एक टक्का. तीस वर्षं त्या घरात राहिलात, तर ते पाणी निदान एकदा पाहण्याची शक्यता जवळजवळ 26 टक्के!

आता भिंतीऐवजी उघडझाप करता येणाऱ्या दरवाजांकडे येऊ. 1953 च्या पुरात नेदरलँड्समध्ये 1,836 माणसं गेली. त्यानंतर खाड्यांची तोंडं बंद करायचं ठरलं. ओस्टरस्केल्ड ही खाडीही भरीव बांधाने कायमची बुजवायची होती. मच्छीमार आणि निसर्गप्रेमी आडवे आले. भरती-ओहोटी थांबली तर शिंपले गेले, मासे गेले, खारी दलदल गेली. सरकारने आराखडा बदलला. 1986 मध्ये तिथे 62 दरवाजांचा बंधारा उभा राहिला. एरवी तो उघडा असतो, वादळात बंद होतो. खर्च बराच वाढला. माझ्या मते तो पैसा सत्कारणी लागला.

पण उघडझाप आली की ती कुणीतरी ठरवायची, हेही आलं. व्हेनिसचे समुद्रतळावरून वर उठणारे दरवाजे ऑक्टोबर 2020 मध्ये पहिल्यांदा खऱ्या उधाणासमोर उभे राहिले आणि शहर कोरडं राहिलं. दोनच महिन्यांनी, 8 डिसेंबरला, अंदाज कमी आला, दरवाजे खालीच राहिले आणि पाणी 138 सेंटीमीटरवर गेलं. बंधारा जागच्या जागी, शहर पाण्यात! बरं, प्रत्येक अंदाजाला दरवाजे लावत बसलं तर जहाजं अडतात आणि आतलं पाणी साचतं. नदीचं पाणी तर थांबतच नाही. अमेरिकेतल्या प्रॉव्हिडन्सच्या 1966 च्या बंधाऱ्यात म्हणूनच पाच मोठे पंप आहेत. लंडनचा टेम्स बंधारा 2013-14 च्या हिवाळ्यात 50 वेळा बंद झाला, आणि त्यातल्या बहुतेक वेळा नदीच्या पुरामुळे. भरतीचं पाणी बाहेर थोपवलं की पुराला आत जागा होते. बांधताना मुख्य चिंता समुद्राची होती, हे लक्षात घ्या.

खर्च आणि फायद्याचं गणित मी थोडक्यात उरकतो, कारण त्यात आकडे कमी आणि गृहीतकं जास्त. न्यूयॉर्कसाठी 2019 च्या अहवालात पाच पर्याय होते. त्यातल्या सर्वांत मोठ्या बंधाऱ्याचा अंदाज 119 अब्ज डॉलर होता. 2022 मध्ये सुचवलेली योजना 52.6 अब्जांची निघाली. तीही प्रामुख्याने वादळी उधाणासाठी. पावसाचं आणि रोजच्या भरतीचं काय, अशी टीका झाली आणि ती मला रास्त वाटते. शिवाय वाचलेली मालमत्ता म्हणजे फायदा, असं धरलं की महागड्या इमारतींची बाजू आपोआप जड होते. स्वस्त घरात राहणाऱ्याचं सगळं वाहून गेलं तरी तक्त्यात तो आकडा लहानच दिसतो. ही चूक बेरजेची नाही. काय मोजायचं, ते ठरवतानाच ती होते.

तर उंचीचा प्रश्न. समुद्राची पातळी वाढतेय, तशी दरवाजा बंद करण्याची पाळी अधिक वेळा येणार. आज वर्षातून दोनदा बंद होणारा दरवाजा उद्या महिन्यातून दोनदा लावावा लागला, तर तो दरवाजा म्हणायचा की भिंत? म्हणून मघाच्या त्या गृहस्थांना माझाच उलट प्रश्न आहे: वर्षातले किती दिवस बंदर बंद ठेवायची तुमची तयारी आहे? तो आकडा द्या, मग मीटरचं बोलू.