चरबीची कणगी आणि इन्सुलिन

इन्सुलिन म्हटलं की सगळ्यांना शुगर आठवते, पण मला आज चरबीबद्दल बोलायचंय. जेवण झालं, रक्तात इन्सुलिन वाढलं की ते चरबीच्या पेशीला सांगतं की साखर आत घे, फॅट आत घे, आणि मुख्य म्हणजे साठवलेलं बाहेर सोडू नकोस. रात्री आपण उपाशी असतो तेव्हा ही पेशी फॅटी ॲसिड सोडते, त्यावर हृदय चालतं, स्नायू चालतात, ते बरोबरच आहे, पण जेवल्यावर या चरबीच्या कणगीचं तोंड बंद व्हायला हवं ना. आणि त्याला इन्सुलिन अगदी थोडं पुरतं, स्नायूंना साखर उचलायला लागतं त्यापेक्षा खूपच कमी.

लठ्ठपणात बिघडतं ते इथे. प्रौढ माणसात दरवर्षी साधारण 10 टक्के चरबीच्या पेशी मरतात आणि तेवढ्याच नव्या येतात, म्हणजे एकूण संख्या फारशी हलत नाही, मग जास्तीचं फॅट आहे त्याच पेशींत कोंबलं जातं आणि त्या फुगत जातात. फुगलेल्या पेशीत साखर आत घेणारं ग्लुट-4 नावाचं प्रथिन कमी होतं, आजूबाजूला मॅक्रोफेज म्हणजे संरक्षक पेशी जमतात, सूज येते, आणि त्या सुजेतली टीएनएफ-अल्फासारखी रसायनं इन्सुलिनचा निरोप पेशीच्या आत पोचूच देत नाहीत. मग जेवल्यावरसुद्धा फॅटी ॲसिड गळत राहतं, ते लिव्हरमध्ये जातं, स्नायूत जातं, लिव्हर नको तेव्हा साखर बनवतं आणि स्वादुपिंड बिचारं जास्त जास्त इन्सुलिन ओततं.

म्हणून चरबीला शिव्या देऊ नका असं मी पेशंटना कळकळीने सांगतो. लिपोडिस्ट्रॉफी नावाच्या आजारात अंगावर चरबी जवळजवळ नसतेच, आणि त्या लोकांना फार वाईट डायबेटीस होतो, कारण ठेवायला कणगीच नाही! पायोग्लिटाझोन या डायबेटीसच्या औषधाने उलट कणगी वाढते, वजन थोडं चढतं तरी शुगर उतरते.

आता आपल्याकडे या. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलमधले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचा शेजारी शेजारी काढलेला फोटो 2004 मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आला. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, अगदी सारखा, 22.3, पण शरीरातली चरबी युडकिन यांची 9.1 टक्के आणि याज्ञिक यांची 21.2 टक्के! त्यामुळे "मी कुठे जाड आहे डॉक्टर" हे ऐकलं की मला खरंच काळजी वाटते, वजनाचा काटा आपल्या लोकांना पूर्ण गोष्ट सांगत नाही, पोट सांगतं. पुरुषांना 90 सेंटीमीटर, बायकांना 80, त्यापुढे कंबर गेली की शुगर तपासा. टेप इथे टेबलावर ठेवलाय, जाताना मोजून जा.